आर्किटेक्चरच्या मुलांनी काढलेली समाजकेंद्रं: शीटवरची आणि जमिनीवरची

ओळंबा

थीसिसच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रकल्पाच्या, ज्युरीचा मोसम सुरू झाला. पाचव्या वर्षाच्या मुलांचं काम बघायला कॉलेजं बाहेरून परीक्षक बोलावतात, त्यात माझीही वर्णी लागते. पूर्वी विषयांची यादी हातात आली की मॉल, विमानतळ आणि लोणावळ्याचं रिसॉर्ट ठरलेलं असायचं. आता वस्तीतलं वाचनालय, गावाचं समाजकेंद्र, नदीकाठ, उड्डाणपुलाखालची जागा, आठवडी बाजार. हा बदल मला मनापासून आवडतो, म्हणून तक्रारही जरा मनापासूनच करतो.

प्रत्येक शीटवर एक ॲम्फी असतो, म्हणजे अर्धगोल पायऱ्या. गाव दोन हजार वस्तीचं असो की दोन लाखांचं, ॲम्फी हवाच. तो पश्चिमेकडे तोंड करून, उघडा, काळ्या दगडाचा. रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या चित्रात, कायम संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. पायऱ्यांवर फुगा घेतलेली मुलगी, गिटारवाला आणि कुत्रा फिरवणारी गोरी बाई, कारण कापून चिकटवायची माणसं परदेशी वेबसाइटवरून उतरवलेली असतात. साताऱ्याकडच्या एका गावाच्या चौकात मी स्केटबोर्डवर पोरगं पाहिलंय. शीटवर.

मग मी माझे नेहमीचे प्रश्न विचारतो. हॉलची किल्ली कुणाकडे राहणार? लाइटबिल कोण भरणार? मे महिन्यात दुपारी दोनला इथे कोण बसेल? आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच पडते. छप्पर किंवा झाड नसेल तर ती जागा दिवसाचे सात तास तवा असते. बायका कुठे बसतील? संडास कुठे आहे? बहुतेक मुलं गप्प होतात. काही गाइडकडे बघतात.

विद्यार्थ्याच्या हातून खरी वास्तू उभी राहूच शकत नाही, असं मात्र नाही. फ्रान्सिस केरे हा आर्किटेक्ट पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो गावचा. बर्लिनला शिकत असतानाच त्याने आपल्या गावासाठी शाळेचा आराखडा काढला. त्यासाठी १९९८ मध्ये मित्रांना घेऊन संस्था काढली, पैसे जमवले, २००१ मध्ये शाळा उभी राहिली. मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटा, वर विटांचंच छत आणि त्याच्याही वर हातभर उंच उचललेला पत्रा. पत्रा तापतो, पण खालून वारा खेळत असल्यामुळे ती धग वर्गात उतरत नाही. क्रेन नव्हती, म्हणून कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, साध्या सळयांची, हातकरवतीने कापून जागेवरच वेल्डिंग केलेली. गावकऱ्यांना माती नको होती, पक्कं काँक्रीट हवं होतं. त्यांना पटवणं हाही डिझाइनचाच भाग झाला. जमिनी तिथल्या बायकांनी पारंपरिक पद्धतीने धोपटून केल्या. त्याची पदवी पूर्ण झाली २००४ मध्ये, आणि त्याच वर्षी या शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये प्रिट्झकर, वास्तुकलेतला सर्वात मोठा मान.

दुसरी आर्किटेक्ट ॲना हेरिंगर. बांगलादेशातल्या दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचं गाव आहे. कॉलेजात जाण्याआधी, १९९७ मध्ये, ती तिथे जवळपास वर्षभर राहिली होती. पुढे ऑस्ट्रियात लिंझला शिकताना त्याच गावच्या शाळेचा थीसिस केला आणि २००५ च्या अखेरीस तो बांधलाही. खाली माती, वर बांबू. तिथली मातीची घरं टिकत नव्हती, कारण त्यांना पाया नसे आणि ओल खालून चढे. तिने विटांचा पाया घातला, त्यावर ओल अडवणारा थर दिला. एवढ्या दोन गोष्टी. बाकी हात, माती, गवत सगळं गावचंच. २००७ चा आगा खान पुरस्कार तिलाही मिळाला.

दोघांचंही गावाशी नातं थीसिसच्या आधीचं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपली मुलं आधी विषय ठरवतात, मग साइट शोधतात, मग एका शनिवारी जाऊन फोटो काढून येतात.

तुम्ही पाहिलेल्या चांगल्या-वाईट जागा सांगा. आर्किटेक्टच हवेत असं नाही, उलट नसाल तर बरं.

---

भर_दुपारी

ॲम्फीबद्दल +१००. आमच्या नगरपालिकेच्या बागेतही एक आहे. पावसाळ्यात तळाशी पाणी साचतं, उन्हाळ्यात गाढवंसुद्धा फिरकत नाहीत. वर्षातून एकदा १५ ऑगस्टला समूहगीत होतं, तेही समोरच्या सपाट जागेवर, कारण पायऱ्यांवर पेटी ठेवता येत नाही.

---

शेवटचं_सेमिस्टर

सर, मी या वर्षीचीच आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. राग नसावा.

ज्युरीत एकेकाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात कॉन्सेप्ट, साइट ॲनालिसिस, केस स्टडी, प्लॅन, सेक्शन, व्ह्यूज, मॉडेल. मागच्या सेमिस्टरला मी एक साधी पत्र्याची शेड काढली होती. लोक तिथे खरंच बसले असते. परीक्षक म्हणाले, "यात आर्किटेक्चर कुठे आहे? फॉर्म (म्हणजे इमारतीचा आकार) कुठे आहे?" मैत्रिणीने मातीच्या ढिगाऱ्यासारखं काहीतरी वळवून काढलं, तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क. त्या वळणाखाली उभं राहिल्यावर डोकं आपटणार होतं. किल्ली कुणाकडे, हे आजवर मला कुणीच विचारलेलं नाही. विचारणारे परीक्षक आले तर आम्ही उत्तरं शोधूच की.

आणि केरे, हेरिंगर यांना वेळ मिळाला, पैसे जमवता आले. आमचा थीसिस एका सेमिस्टरचा. प्रिंट आणि मॉडेलच्या खर्चातच घरचे मेटाकुटीला येतात.

माझा विषय आठवडी बाजार आहे. एका तालुक्याच्या गावी नगरपंचायतीने सिमेंटचे ओटे बांधलेत. विक्रेते त्यावर बसत नाहीत, समोर रस्त्यावर बसतात. ओट्यावर मुलं क्रिकेट खेळतात. का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

---

ओळंबा

@शेवटचं_सेमिस्टर, राग कसला, फॉर्मवाले परीक्षक माझेच सोबती आहेत. पत्र्याच्या शेडबद्दल मात्र एक विचारतो: पत्र्याखाली मे महिन्यात तू स्वतः बसली होतीस का? शेड साधी आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही. केरेनेही पत्राच वापरलाय. बाजाराबद्दल लिही, इथे जाणकार आहेत.

---

कोयनाथडी

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. चार तालुके पाहिले. ओळंबासाहेबांनी किल्लीचं विचारलं ते बरोबर, पण किल्लीच्या आधी बरंच काही असतं. मुलांना ते कुणी शिकवत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

गावात समाजमंदिर, सभामंडप हे बहुतेक आमदार निधी, खासदार निधी किंवा २५१५ मधून होतं. २५१५ हे सरकारी बजेटमधलं लेखाशीर्ष, पण गावात पोरंसोरंही "पंचवीस-पंधराचं काम" म्हणतात. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला येतो, पण १५ व्या आयोगात त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या ४० मध्ये गटार, रस्ता, दिवाबत्ती, शाळेची दुरुस्ती. म्हणजे बांधायला पैसा वरून एकदा येतो, चालवायला मात्र घरपट्टीतून. घरपट्टीची वसुली कशी असते ते मी सांगायला नको.

दुसरं, अंदाजपत्रक. ते डीएसआरवर, म्हणजे सरकारी दरसूचीवर होतं. विटकाम, प्लास्टर, आरसीसी, शहाबादी फरशी, यांचे दर छापील. तुम्ही मातीची दाबलेली वीट किंवा बांबूची कैची काढली की दर पृथक्करण करा (म्हणजे दर कसा आला ते फोडून दाखवा), अभियंत्याची खात्री पटवा, तांत्रिक मान्यता वरच्या टेबलावर. अभियंता वाईट नसतो. उद्या भिंत पडली तर एमबीवर, म्हणजे मोजमाप पुस्तिकेवर, सही त्याची असते. म्हणून तो चारशे चौरस फुटांचा, चार खिडक्यांचा, एक शटरचा डबा काढतो. सगळ्या जिल्ह्यांत तोच डबा.

एका गावी कॉलेजची मुलं आली होती. आठवडाभर राहिली, घरोघर फिरली, फार सुंदर नकाशे काढले. मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत कोण कुठे बसतं, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. आम्हाला गावात राहूनही ते कधी दिसलं नव्हतं. मग गेली. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या म्हटलं, तर म्हणाले सबमिशन झालं की देतो. ती काही आली नाही. पुढच्या वर्षी समाजमंदिर मंजूर झालं आणि तो नकाशा असता तर जागा तरी नीट निवडली असती. बांधलं स्मशानाच्या वाटेवर, सरकारी जागा तिथेच मोकळी होती म्हणून.

मुलांनी इमारत नाही बांधली तरी चालेल. ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येईल असा एक कागद मराठीत देऊन जा: जागेचा नकाशा, कारण आणि डीएसआरच्या बाबींत बसणारा खर्च. त्यावर फाइल हलते.

---

पारावरचा_मुंजा

"ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येईल असा कागद". हे वाक्य फ्रेम करून सगळ्या कॉलेजांत लावा.

---

ठोकळेबाज

उगाच वाद. विद्यार्थी आहेत, स्वप्नं बघू द्या. नोकरीला लागले की आयुष्यभर टू बीएचकेच काढायचेत.

---

तेरणाकाठ

आमच्या भागातली गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. बांधणाऱ्यांमध्ये मोठमोठी नावं होती, पैसा होता, हेतू चांगला होता. जुनी गावं दाट, गल्ल्या अरुंद, दगड-मातीच्या भिंतींनीच माणसं मारली, त्यामुळे नवं गाव ऐसपैस हवं असं सगळ्यांनाच वाटत होतं. आम्हालाही.

नवं गाव चौकटीच्या वहीवर काढल्यासारखं झालं. सरळ रुंद रस्ते, मध्ये मोकळे प्लॉट. घरं जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. बऱ्याच ठिकाणी एकेका आकाराची घरं एकत्र, त्यामुळे भावकी पांगली. म्हातारा एका टोकाला, पुतण्या दुसऱ्या. दारातून दार दिसत नाही म्हटल्यावर ओट्यावर कोण बसणार? नकाशात "समाज सुविधा" म्हणून ठेवलेल्या जागा होत्या, त्यात वर्षानुवर्षं बाभळी. लोकांनी हळूहळू घरापुढे पत्रे टाकले, ओटे बांधले, दुकानं काढली, रस्ते अरुंद केले. आता तिथे बसायला बरं वाटतं. म्हणजे मूळ नकाशा बिघडवूनच गाव झालं.

थीसिसच्या मुलांनी या गावांत यावं. तीस वर्षांनी लोकांनी काय काय बदललं एवढंच मोजलं तरी मोठा अभ्यास होईल. इथे चहा पाजायची जबाबदारी माझी.

---

ओसरी

एवढे प्रतिसाद झाले, बायकांचा प्रश्न ओळंबांनी यादीत विचारला आणि तो तिथेच राहिला. :)

पार, चावडी, तालीम, कट्टा: मराठीत "सार्वजनिक जागा" म्हणून जे डोळ्यांसमोर येतं ते जवळपास सगळं पुरुषांचं. बायकांच्या जागा कामाच्या होत्या. पाणवठा, नदीवरचा धुण्याचा दगड, पिठाची गिरणी. नळ आले, पाण्याचे श्रम वाचले, कुणालाही ते परत नकोत. पण दिवसातला तासभर घराबाहेर, सासूच्या नजरेबाहेर असण्याचं कारणही गेलं. आता आमच्या गावात बचतगटाची मीटिंग अंगणवाडीत होते, लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून. शेजारी समाजमंदिर रिकामं. तिथे का नाही? कारण त्याचं दार पारासमोर उघडतं, आणि पारावर सासरे बसलेले असतात.

दार मागच्या बाजूला, शाळेकडे काढलं असतं तर खर्च तेवढाच आला असता. शीटवर हे दिसत नाही, कारण प्लॅनमध्ये पारावर कोण बसलंय ते काढत नाहीत. कोयनाथडींनी सांगितलेल्या मुलांनी ते काढलं होतं म्हणे. त्यांना माझा नमस्कार.

आणि समाजमंदिर नेमकं कुठल्या समाजाचं, हा प्रश्नही आहे. एकाच गावात तीन-तीन आहेत, आणि कुणी कुठल्यात जायचं हे पाटी न लावताही सगळ्यांना माहीत असतं. त्यावर स्वतंत्र धागा हवा, इथे त्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, नको.

---

दूरदेशी_दगडू

मी अलाबामात बर्मिंगहॅमला असतो (इंग्लंडातलं नव्हे). इथून नैऋत्येला हेल काउंटी नावाचा गरीब भाग आहे. तिथल्या न्यूबर्न या दोनशेहूनही कमी वस्तीच्या गावात ऑबर्न विद्यापीठाचा "रूरल स्टुडिओ" चालतो. सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये सुरू केला. योगायोगाने किल्लारीचंच वर्ष. मॉकबी २००१ मध्ये गेले, स्टुडिओ चालूच आहे.

मी आर्किटेक्ट नाही, बायकोच्या हट्टाने बघायला गेलो. रस्त्याच्या कडेला अग्निशमन केंद्र, शेजारी टाउन हॉल, थोड्या अंतरावर जुन्या बँकेच्या इमारतीत वाचनालय. सगळं विद्यार्थ्यांनी डिझाइन केलेलं आणि स्वतःच्या हातांनी बांधलेलं. जवळच्या ग्रीन्सबरोमध्ये लायन्स पार्क आहे, तिथलं मुलांचं खेळायचं ठिकाण रिकाम्या लोखंडी पिंपांचं. त्या बागेवर एकामागून एक बॅचेसनी काम केलंय. एका तुकडीने बॉल खेळायची मैदानं, दुसरीने संडास, पुढच्यांनी खेळण्याची जागा.

इथेच मला आपल्याकडचा फरक दिसला. एका मुलाला सगळं गाव काढायला लावत नाहीत. पाचव्या वर्षाची मुलं गटाने एकच काम घेतात, आणि ते पदवीच्या मुदतीत संपलं नाही तर पदवीनंतरही थांबून पुरं करतात. शिक्षक तिथेच राहतात, त्यामुळे छप्पर गळलं तर कुणाला हाक मारायची ते गावाला माहीत असतं. सुरुवातीला त्यांनीही गाडीच्या काचा, टायर, गवताच्या गासड्या असले प्रयोग केले. नंतर साध्या लाकडी बांधकामाकडे वळले. अमेरिकेत ही कल्पना त्याही आधीची आहे, येलमध्ये १९६७ पासून पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी काहीतरी बांधतात, त्यातलं पहिलं केंटकीतलं एक समाजकेंद्रच होतं.

अर्थात इथे कॉलेजमागे पैसा आहे. तरी बॅचने बॅचला काम सोपवायला काय खर्च येतो?

---

माहीमकर_जुना

शिवाजी पार्कचा कट्टा. १९२५ पासून मैदान लोकांसाठी खुलं आहे. भोवती गुडघ्याएवढी भिंत, बस्स. एकटा बसा, वीसजण बसा, मैदानाकडे तोंड करा की रस्त्याकडे, कुणी उठवत नाही. पहाटे आजोबा, दुपारी डबे खाणारे, रात्री प्रेमी. डोक्यावर मोठी झाडं. त्या भिंतीला कुठला पुरस्कार मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आणि उड्डाणपुलाखालचं म्हणाल तर माटुंग्याला नानालाल मेहता उद्यान जाऊन बघा. पुलाखाली गाड्या आणि भानगडी नकोत म्हणून आधी रहिवासी पालिकेच्या मागे लागले, बाग नंतर, २०१६ मध्ये झाली. नर्मदेच्या वळणांसारखी चालायची वाट आहे, पण लोक नर्मदेसाठी येत नाहीत. पुलामुळे ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, म्हणून येतात. पश्चिमेच्या ॲम्फीवाल्यांनी एकदा दुपारी तिथे बसावं.

---

शेवटचं_सेमिस्टर

ओसरीताई, तुमचं दाराचं उदाहरण मी वहीत लिहून घेतलंय. कोयनाथडी काका, ठराव कसा असतो त्याचा नमुना मिळेल का?

आणि सर, खरं आहे, मी पत्र्याखाली बसले नव्हते. काल बाजारात बसले. दुपारी बारानंतर पत्र्याखाली कुणी नव्हतं, सगळे ताडपत्रीखाली. ताडपत्री विक्रेते आपल्या डोक्याला लागेल इतकी खाली बांधतात, दुपारी उन्हाच्या बाजूने आणखी खाली ओढतात. आमची शेड पंधरा फूट उंच असते, तिची सावली बारानंतर भलतीकडेच जाते.

ओट्यांचं मात्र अजून पूर्ण उलगडत नाही.

---

गिलावा

मी ठेकेदार. असले ओटे मीही बांधलेत, ड्रॉइंग येतं तसे. ऐक.

तुझे ओटे अडीच फूट उंच असणार. भाजीवाली ओट्यावर मांडी घालून बसली की तिचं तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडाशी येतं. गिऱ्हाइकाला मेथीची जुडी वरून बघायची असते, खाली वाकून निवडायची असते. ओट्यावर माल कमरेच्या वर येतो, मागची टोपली दिसतच नाही. शिवाय टेम्पोतून उतरवलेली पोती परत अडीच फूट चढवायची, ती कुणी? ती एकटीच असते. आणि पहिली रस्त्यावर बसली की ओट्यावरचीकडे गिऱ्हाईक पोचतच नाही. मग दुसरीही उतरते.

सहा इंच पुरेत. पाणी आत येणार नाही एवढंच. पुढच्या कडेला उतार, गटार मागून, कारण पाला धुतलेलं पाणी गिऱ्हाइकाच्या चपलेवर आलेलं चालत नाही.

---

कोयनाथडी

नमुना पाठवतो, मुली. बाजारात आणखी एक माणूस गाठ: पावती फाडणारा. बाजारकराचा ठेका वर्षाच्या लिलावाने जातो, आणि कोण कुठे बसतं, कुणाची जागा आजीपासून चालत आलीय, नवीन माणूस कुठे खपतो, हे त्याला तोंडपाठ असतं. नगरपंचायतीच्या कुठल्याही नकाशात ते नाही. सकाळी लवकर जा, जागेवरून भांडणं होतात तेव्हा. दहानंतर सगळं शांत दिसतं आणि तुम्हाला वाटतं कुणीही कुठेही बसतं.

बाजार आठवड्यातून एकच दिवस. बाकी सहा दिवस तिथे काय होतं तेही बघ.

---

शेवटचं_सेमिस्टर

बघितलं. सोयाबीन वाळत घालतात, संध्याकाळी क्रिकेट, मंगळवारी एक केस कापणारे आरसा टांगून बसतात. सहा इंचांचा ओटा या सगळ्याला चालेल असं वाटतंय. शेड मी काढून टाकतेय. त्याऐवजी खांब आणि ताडपत्री बांधायला कड्या, दोन उंचींवर, म्हणजे सकाळी वर, दुपारी खाली. फॉर्म कुठे आहे विचारलं तर काय सांगायचं ते सरांनी सुचवावं.

गिलावा दादा, आता दोर कशाला बांधतात तर विजेच्या खांबाला आणि टेम्पोच्या आरशाला. कडी किती मजबूत लागेल?

---

गिलावा

१२ मिमीची सळई वाकवून कर, आणि खांब ओततानाच आत बसव, सळयांना बांधून. मागून ड्रिल मारून ठोकलेली पहिल्या वळवालाच ताडपत्रीसकट उडते. वरच्या कडीला हात पोचेल असं बघ, बाया पाच फुटांच्या असतात.